दंडाचं हाड, रेडियल नस आणि वाया गेलेले सात आठवडे: एक प्रकरण अभ्यास

(ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे वैयक्तिक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण ४८ वर्षांच्या. व्यवसाय शिवणकाम, उजवा हात कामाचा. जिना उतरताना पाय घसरला आणि त्या उजव्या दंडावर आपटल्या. मुलगी त्यांना घेऊन आली तेव्हा डाव्या हाताने त्यांनी उजवा कोपर खालून उचलून धरला होता आणि कुणालाही हात लावू देत नव्हत्या. कातडीवर जखम नव्हती, मनगटाजवळची नाडी व्यवस्थित लागत होती. मधुमेह नाही, तंबाखू नाही. वजन मात्र बरंच जास्त, आणि त्याचा संबंध पुढे येणार आहे.

एक्स-रेमध्ये दंडाचं हाड जवळजवळ मधोमध, आडवं आणि किंचित तिरकं तुटलेलं दिसलं. टोकं एकमेकांपासून थोडी सरकली होती.

बोटांची तपासणी करताना खरी गोष्ट कळली. मूठ वळत होती, पण मनगट वर उचलता येत नव्हतं. पंजा खाली लोंबत होता, बोटं मुळापासून सरळ होत नव्हती, अंगठा बाहेर उघडत नव्हता. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागात, हाताच्या पाठीवर बधिरपणा होता. ही सगळी रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, तर मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंना चालवणारी नर्व्ह) दुखावल्याची लक्षणं. मी मुलीला समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "म्हणजे कात्री धरता येईल, पण उघडता येणार नाही." नसेचं काम इतक्या नेमक्या शब्दांत मी स्वतःही सांगितलं नसतं.

हे सगळं प्लास्टर घालण्याआधी कागदावर लिहून ठेवलं. ते फार महत्त्वाचं असतं. नस पडल्यामुळे दुखावली की हाड बसवताना, हा प्रश्न नंतर आला तर उत्तर फक्त त्या पहिल्या नोंदीतच सापडतं.

अडचण नेमकी कुठे होती

रेडियल नस दंडाच्या हाडामागून तिरकी फिरत खाली येते. कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून सुमारे १० सेंटिमीटर वर ती स्नायूंमधला एक जाड पडदा भेदून मागून पुढे येते. तिथे तिला हलायला फारशी जागा नसते. त्यामुळे दंडाचं हाड मधोमध किंवा त्याखाली मोडलं की ताण बसतो तो तिलाच. अशा फ्रॅक्चरमध्ये साधारण १२ टक्के रुग्णांची ही नस दुखावते. बहुतेक वेळा ती तुटलेली नसते, ताणलेली किंवा चेपलेली असते, आणि नुसती वाट पाहिली तरी दहातल्या सातेक जणांची आपोआप परत येते.

एकाच दंडात दोन इजा होत्या आणि दोघींचं वेळापत्रक वेगळं होतं. हाड जुळतंय की नाही हे साधारण सहा आठवड्यांत कळू लागतं. नस मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. पहिली हालचाल दिसायलाच दीड-दोन महिने जातात आणि पूर्ण सुधारायला सहा महिने किंवा जास्त. पहिल्या दिवशी हे मला नीट माहीत होतं. तरीही पुढे मी ही दोन वेळापत्रकं एकमेकांत मिसळू दिली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय लगेच शस्त्रक्रियेचा होता: हाड प्लेट-स्क्रूने बसवायचं आणि त्याच वेळी नस उघडून पाहायची. उघडी जखम असती, रक्तवाहिनी तुटली असती किंवा धारदार वस्तूने इजा झाली असती तर मी दुसरा विचार केला नसता. इथे त्यातलं काहीच नव्हतं. शिवाय ताज्या इजेत नस सुजलेली असते, तिचा किती भाग मेला आणि किती नुसता दबला आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

दुसरा पर्याय शस्त्रक्रियेविना उपचाराचा. आधी दहा-बारा दिवस दंडाभोवती यू आकाराचं प्लास्टर, सूज उतरली की ब्रेस. ब्रेस म्हणजे प्लास्टिकची दोन कवचं आणि वेलक्रोचे पट्टे. ऑगस्तो सार्मिएन्तो या शल्यविशारदांनी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली. ब्रेस हाडाला पकडून ठेवत नाही. ती स्नायूंना चारी बाजूंनी सारखं आवळते, लोंबत्या हाताचं वजन तुकडे सरळ रेषेत ओढतं आणि स्नायू वापरात राहिल्यामुळे हाड जुळायला मदत होते. दंडाचं हाड थोडं वाकडं जुळलं तरी चालतं. पुढे-मागे २० अंश, बाहेरच्या बाजूला ३० अंश आणि तीन सेंटिमीटरपर्यंत आखूडपणा खांदा आणि कोपर मिळून सांभाळून घेतात.

तिसरा पर्याय रॉडचा. हाडाच्या पोकळीतून रॉड घालायचा तर तो बहुधा खांद्याच्या वरून, तिथल्या स्नायूंच्या कंडऱ्यांना छेद देऊन जातो, आणि त्यातून खांदेदुखी मागे राहू शकते. दिवसभर मशीनवर बसणाऱ्या बाईंसाठी मला तो पटला नाही.

या चर्चेत रुग्णाची थोरली बहीण होती. तिचा आग्रह होता की ऑपरेशन नकोच, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि नुसत्या झोळीवर ते बरं झालं होतं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण तुलना चुकीची होती. खांद्याजवळचा भाग स्पंजसारखा, भरपूर रक्तपुरवठ्याचा असतो, आणि तिथली बहुतेक फ्रॅक्चर जुळतातच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या प्रोफर चाचणीत खांद्याजवळ सरकलेल्या फ्रॅक्चरचे २५० रुग्ण होते. निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांना झोळी आणि व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हातांच्या वापरात अर्थपूर्ण फरक नव्हता. दंडाचा मधला भाग म्हणजे जाड कवचाची नळी. तिथे दोन टोकांत फट राहिली किंवा मध्ये काही अडकलं, तर हाड जुळण्याचा प्रयत्न सोडून देतं. बहिणीला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण तुम्हालाही ऑपरेशन नकोच आहे ना?"

खरं होतं. मला ब्रेसच योग्य वाटत होती आणि आजही पहिल्या दिवसाच्या त्या निर्णयात चूक झाली असं मला वाटत नाही. चूक झाली ती मी दिलेल्या आकड्यात. सार्मिएन्तो यांच्या २००० सालच्या अहवालात ब्रेस लावलेल्या बंद फ्रॅक्चरपैकी दोन टक्क्यांहून कमी जुळली नाहीत. मी तोच आकडा सांगितला. त्या अहवालात रुग्ण ९२२ होते आणि शेवटपर्यंत माग लागला तो ६२० जणांचाच, हे सांगितलं नाही. फिनलंडमध्ये प्लेट आणि ब्रेसची तुलना करणारी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकूण ८२ रुग्ण होते आणि ब्रेस गटातल्या ४४ पैकी १३ जणांवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. वर्षभराने दोन गटांच्या सरासरीत मोठा फरक नव्हता हे खरं, पण दहातल्या तिघांना ऑपरेशन टळत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी कळायला हवं. दोन टक्के ऐकून घरी गेलेला माणूस आणि तीस टक्के ऐकून गेलेला माणूस पुढच्या तपासणीला वेगळ्या कानांनी ऐकतो.

पहिले सहा आठवडे

बाराव्या दिवशी ब्रेस लागली. हाड बाहेरच्या बाजूला सुमारे १८ अंश झुकलं होतं, म्हणजे मर्यादेच्या आत. जड बांध्याच्या व्यक्तींमध्ये छाती आणि कुशीचा भाग दंडाला आतून रेटतो, त्यामुळे हा झुकाव वाढू शकतो. म्हणून दर आठवड्याला एक्स-रे ठरवला.

घरी काय करायचं ते फिजिओथेरपिस्टने बारकाईने शिकवलं. बसल्यावर कोपराखाली उशी घ्यायची नाही, कारण कोपराला आधार मिळाला की हाताच्या वजनाचा उपयोग संपतो. झोपायचं ते पाठीला टेकून, अर्धवट बसून. सूज उतरेल तसे पट्टे रोज आवळायचे. कोपर दुमडायचा आणि उघडायचा, बोटं दिवसातून अनेकदा हलवायची, कमरेत वाकून हात सैल सोडून झुलवायचा, पण दंड स्वतःच्या जोरावर बाजूला उचलायचा नाही. लोंबत्या मनगटासाठी वेगळा स्प्लिंट दिला, नाहीतर बोटांचे सांधे आखडतात आणि नस परत आली तरी उघडायला काही उरत नाही.

त्यांनी हे सगळं पाळलं. तक्रार एकच होती, बसून झोप येत नाही. तिसऱ्या आठवड्यात सोनोग्राफी केली, त्यात नस सलग दिसली. कुठेही तुटलेली नाही आणि टोकांमध्ये अडकलेलीही नाही, हे कळल्यावर आम्हा सगळ्यांना हलकं वाटलं.

सहाव्या आठवड्यातला निर्णय

हाड नवा थर धरू लागलं की एक्स-रेमध्ये फटीभोवती पांढुरका ढग दिसतो, त्याला कॅलस म्हणतात. सहाव्या आठवड्यात तो जवळजवळ नव्हता. हळूच तपासलं तेव्हा मोडलेल्या जागी दंड स्पष्ट हलला आणि त्यांचा चेहरा वेदनेने आवळला. नसेची हालचाल शून्य.

इथे दोन मार्ग होते. आताच शस्त्रक्रिया करून हाड बसवायचं आणि नसही पाहायची, किंवा आणखी थांबायचं. सहाव्या आठवड्यात मोडलेली जागा ढळढळीत हलत असेल तर ते हाड ब्रेसमध्ये जुळण्याची शक्यता फार कमी असते, असं दाखवणारा अभ्यास २०१७ मध्येच आला होता. तो मला माहीत होता. तरी मी थांबायचं ठरवलं. कारणं त्या वेळी पटण्याजोगी वाटली: नस सलग आहे, ती परत येण्याची वेळ आता कुठे सुरू होतेय, आणि सावरू पाहणाऱ्या नसेशेजारी चाकू कशाला न्या?

थांबण्याला माझ्याकडे कारण होतं. मुदत मात्र ठरलेली नव्हती. "आणखी थोडं बघू," असं मी म्हणालो, आणि "थोडं" म्हणजे किती ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

नववा आठवडा

आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यांच्या मुलीचा फोन आला. आईच्या कोपराजवळचा स्नायू फडफडतोय. नववा आठवडा आला तेव्हा मनगट टेबलावरून दोन बोटं वर उचललं जात होतं. खोलीत फिजिओथेरपिस्ट, मुलगी, मी, सगळे खूश. त्या स्वतः रडल्या.

त्या दिवशीचा एक्स-रे मी पाहिला आणि लिहिलं, "थोडा कॅलस दिसतोय." आज तोच एक्स-रे पाहतो तेव्हा मला तिथे सहाव्या आठवड्यापेक्षा फारसं जास्त काही दिसत नाही. दंड हलतोय का, हे मी त्या दिवशी तपासलंच नाही. निघताना त्या म्हणाल्या, "डॉक्टर, कूस वळताना आत काहीतरी सरकल्यासारखं होतं." मी म्हणालो, "ताई, स्नायू कमजोर झालेत, म्हणून तसं वाटतं." केसपेपरवर नोंद आहे: ब्रेस चांगली सहन होत आहे.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. रुग्णाने निदान सांगितलं होतं. नस परत आल्याच्या आनंदात आम्ही हाडालाही उत्तीर्ण करून टाकलं.

तेरावा आठवडा आणि शस्त्रक्रिया

तेराव्या आठवड्यात शंकेला जागा उरली नाही. हाडाची टोकं गोलसर होऊ लागली होती, फट तशीच होती, दंड हलत होता. मनगट मात्र आता चांगलं उचललं जात होतं. बोटं अर्धी उघडत होती, अंगठा अजून नाही. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं. ते सुरू केलं, पण ही तपासणी पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी होती. थायरॉइड आणि साखर ठीक होती.

पुन्हा वाट पाहायची की नाही यावर फार चर्चा झाली नाही. प्लेट आणि सोबत बोन ग्राफ्ट, म्हणजे कमरेच्या हाडातून काढलेलं हाड, हेच ठरलं. आता धोका मात्र पहिल्या दिवसापेक्षा जास्त होता. मोठ्या कष्टाने परत येत असलेली नस जुन्या चिकटलेल्या भागातून सोडवायची होती. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की काही आठवडे मनगट पुन्हा कमजोर होऊ शकतं आणि क्वचित ते तसंच राहू शकतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "नाही केलं तर?" नाही केलं तर दंड असाच हलता राहील, ब्रेसशिवाय वजन पेलणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी होकार दिला.

पंधराव्या आठवड्यात मागच्या बाजूने दंड उघडला. आधी नस शोधली, वर आणि खाली दोन्हीकडे मोकळी केली, तिच्याभोवती मऊ रबरी पट्टी टाकली आणि मगच हाडाकडे वळलो. दोन टोकांच्या मध्ये स्नायूची एक पट्टी दाबली गेली होती आणि तिच्याभोवती तंतुमय ऊती भरली होती. ती काढली, टोकांवरचा कठीण थर काढून रक्त येईपर्यंत हाड ताजं केलं, टोकं एकमेकांवर दाबून प्लेट बसवली, दोन्ही बाजूंना चार-चार स्क्रू, भोवती ग्राफ्ट. नस प्लेटच्या नेमक्या कितव्या भोकावरून जाते ते टिपणात लिहिलं. पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली, तर त्या शल्यविशारदाला ही एक ओळ बाकी सगळ्या टिपणापेक्षा उपयोगी पडेल.

पुढे काय झालं

शस्त्रक्रियेनंतर मनगटाची ताकद खरोखरच घसरली. आधी सांगितलेलं असूनही ते तीन आठवडे त्यांच्यासाठी पहिल्या तीन महिन्यांपेक्षा जड गेले, असं मुलगी म्हणाली. चौथ्या आठवड्यापासून ताकद परत येऊ लागली. खांदा आणि कोपराचे व्यायाम पहिल्याच आठवड्यात सुरू झाले होते, कारण आता हाडाला आतून आधार होता. चार महिन्यांनी हाड पूर्ण जुळलं.

एका वर्षानंतर हात डोक्यावर जवळपास पूर्ण जातो. कोपर शेवटचे दहा अंश सरळ होत नाही. अंगठा सगळ्यात शेवटी आला, पडल्यापासून नवव्या महिन्यात. कमरेला जिथून ग्राफ्ट घेतला तिथे कित्येक महिने दुखत होतं. याची पूर्वकल्पना मी पुरेशी दिली नव्हती. मशीनवर त्या सातव्या महिन्यात बसल्या, पण कापण्याचं काम मुलगी करत होती. स्वतः कापायला लागल्या त्या अंगठा उघडल्यावर.

आज असा रुग्ण आला तर

पहिल्या दिवशी मी पुन्हा ब्रेसच सुचवीन. लगेच शस्त्रक्रिया केली असती तर ती स्नायूची पट्टी तेव्हाच सापडली असती, हा विचार मनात येतो. पण ती आत आहे हे एक्स-रे सांगत नाही, आणि अशा फ्रॅक्चरपैकी बरीच ब्रेसमध्ये जुळतात. सोबत तीस टक्क्यांचा आकडा सांगीन आणि सहाव्या आठवड्याची तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहीन: या दिवशी दंड हलत असेल तर शस्त्रक्रियेबद्दल बोलायचं. नसेची सुधारणा सुरू असो वा नसो. फिनलंडच्या चाचणीतल्या रुग्णांना दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ब्रेसमध्ये अपयश येऊन उशिरा शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तोवरही मागेच होते. उशिराची किंमत हाड जुळल्यावर संपत नाही, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

प्रत्येक भेटीत आता आम्ही हाड आणि नस यांच्या नोंदी वेगवेगळ्या रकान्यांत करतो. हाडाच्या रकान्यात एक्स-रेच्या आधी हाताने तपासलेली हालचाल लिहायची आणि त्याही आधी रुग्णाचे शब्द, जसेच्या तसे. "आत काहीतरी सरकतं" हे वाक्य नवव्या आठवड्यात त्या रकान्यात असतं, तर पुढची भेट मी चार आठवड्यांनी ठेवली नसती.

सहाव्या आठवड्यातल्या शस्त्रक्रियेलाही धोका होताच. तेव्हा नस हललेलीही नव्हती, आणि शस्त्रक्रियेनंतर ती आली नसती तर दोष इजेचा की चाकूचा हे कुणालाच सांगता आलं नसतं. माझे एक ज्येष्ठ सहकारी अजूनही म्हणतात की त्या क्षणी थांबणं गैर नव्हतं. त्यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. सहाव्या आठवड्यात थांबणं समजण्यासारखं होतं. नवव्यात न तपासणं नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या तपासणीला त्यांनी मला सरळ विचारलं, "आधी केलं असतं तर हे महिने वाचले असते का?" मी सांगितलं, की सातेक आठवडे नक्की वाचले असते, कारण ती स्नायूची पट्टी पहिल्या दिवसापासून तिथेच होती आणि ब्रेस तिला कधीच बाहेर काढू शकली नसती. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला: प्लेट आत राहिली तर चालते का? चालते, असं मी सांगितलं.